कवडशातली धूळ आणि फुफ्फुसावरचे वण

कौलारू घरात दुपारी बसला असाल तर कौलांच्या फटीतून उतरलेला कवडसा तुम्ही नक्की पाहिला असेल. त्या तिरप्या उजेडात धुळीचे असंख्य कण तरंगताना दिसतात. कवडशाच्या बाहेर मात्र हवा अगदी स्वच्छ भासते. ती खरोखर स्वच्छ असते का? मुळीच नाही. तेवढीच धूळ तिथेही असते. तिच्यावर उजेड पडून तो आपल्या डोळ्यांकडे वळत नाही, एवढाच फरक. न दिसणारी धूळ म्हणजे नसलेली धूळ नव्हे. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे माणसाचे केवढे नुकसान होते, ते या लेखात पाहू.

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एक परिचर होते. विद्यार्थी आणि प्राध्यापक सारेच त्यांना मामा म्हणत. मामांना कबुतरांचा नाद. घराच्या गच्चीवर त्यांनी ढाबळ बांधली होती, म्हणजे कबुतरांसाठी फळ्यांची खुराडी. तिच्यात चाळीसेक कबुतरे होती. जोड्या तयार करून विकणे हा त्यांचा जोडधंदाच होता. दर रविवारी सकाळी ते ढाबळ झाडून काढत. खाली साचलेली विष्ठा खरवडायची, पिसे गोळा करायची, खुराडी झटकायची. दोन तासांचे काम.

पुढे मामांना खोकला लागला. रविवारी संध्याकाळी हटकून अंगात कसर, थंडी, छातीत जडपणा. मंगळवारपर्यंत सारे ओसरे. भाचीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेले, तर तिथे एकदम ठणठणीत! कुणी सर्दी म्हटले, कुणी दमा म्हटले. औषधे चालू राहिली, ढाबळही चालू राहिली. तीन वर्षांनी मामांना दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत येताना जिन्यात दोनदा थांबावे लागू लागले. तेव्हा कुठे ते छातीच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छातीवर नळी ठेवण्याआधीच विचारले, "घरी पक्षी आहेत का?"

"आहेत की साहेब. चाळीस कबुतरं."

तीन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. आणि मी? धुळीचे कण हवेत किती वेळ तरंगतात याचा नियम मी वर्गात दर वर्षी फळ्यावर मांडत होतो, आणि त्या वेळी मामा माझ्या बाजूला उपकरणे पुसत उभे असत. मलाही हा प्रश्न सुचला नाही.

पडता पडत नाही अशी पूड

तो नियम आहे स्टोक्सचा. हवेत किंवा द्रवात पडणाऱ्या लहान गोलकाला किती विरोध होतो, हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात गणिताने दाखवले. कण पडू लागला की हवेचा विरोध वाढत जातो. थोड्याच वेळात तो विरोध कणाच्या वजनाएवढा होतो, आणि मग कण एकसारख्या वेगाने खाली येतो. हा अंतिम वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी होतो!

आता आकडे घालून पाहू. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. आपल्या नाकाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, जमिनीवर यायला त्याला आठ-नऊ मिनिटे लागतात. पण १ मायक्रॉनचा कण सेकंदाला ०.०३ मिलिमीटर एवढाच उतरतो. त्याला तेच अंतर कापायला जवळजवळ १४ तास हवेत, आणि तेही हवा अगदी स्तब्ध असेल तर. एका पंखाची फडफड झाली की स्वारी पुन्हा वर!

कबुतराच्या अंगावर एक पांढुरकी, मेणचट पूड असते. काचेच्या खिडकीवर कबूतर आपटले, तर त्याच्या पंखांचा हुबेहूब ठसा काचेवर उमटतो, तो याच पुडीचा. पिसांचे पाण्यापासून रक्षण करणे हे तिचे काम. या पुडीचा कण साधारण १ मायक्रॉनचा असतो. म्हणजे मामांनी रविवारी सकाळी नऊ वाजता झटकलेली पूड रात्री अकरालाही हवेत असू शकते. या कणांवर पक्ष्याच्या शरीरातील प्रथिने चिकटलेली असतात. वाळलेल्या विष्ठेतही अशीच प्रथिने असतात, आणि झाडूच्या फटकाऱ्याने तिचाही भुगा हवेत जातो.

नाकापासून वायुकोशापर्यंत

आपल्या नाकाची आणि श्वासनलिकांची रचना मोठी हुशारीची आहे. हवेला वळणावळणाने जावे लागते. जड कणांना जडत्वामुळे वळण घेता येत नाही. ते भिंतीवर आपटतात आणि तिथल्या चिकट शेंबडात अडकतात. १० मायक्रॉनहून मोठ्या कणांचा निकाल बहुधा नाकातोंडात आणि घशातच लागतो. त्याहून लहान कण पुढच्या नलिकांत अडकतात आणि खोकल्यातून बाहेर पडतात. मात्र एक-दोन मायक्रॉनचे कण हवेबरोबर प्रत्येक वळण सफाईने घेत थेट शेवटच्या खोलीपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

वायुकोश म्हणजे सुमारे ०.२ मिलिमीटर व्यासाचे इवलेसे फुगे. आपल्या दोन्ही फुफ्फुसांत असे चाळीस-पन्नास कोटी फुगे असतात. त्यांचे अस्तर उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर भरेल, म्हणजे जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढे. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला केशवाहिनीतील रक्त, आणि मधला पडदा बहुतेक ठिकाणी जेमतेम अर्ध्या ते एक मायक्रॉनचा. ज्या कणाची आपण चर्चा करतो आहोत, त्या कणाच्याच जाडीचा!

प्राणवायू या पडद्यातून विसरणाने रक्तात जातो. विसरणाचा वेग पडद्याच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी दुप्पट झाली की वेग निम्मा.

अंगरक्षकांची चूक

वायुकोशात परके प्रथिन आले की शरीराचे रक्षक जागे होतात. बहुतेकांच्या बाबतीत थोडी चकमक होऊन प्रकरण मिटते. पक्षी पाळणाऱ्या कित्येकांच्या रक्तात पक्ष्यांच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, तरी त्यांना काहीही त्रास नसतो. काही थोड्या लोकांत मात्र हे रक्षक अतिरेक करतात. प्रतिपिंडे आणि लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वायुकोशांच्या भिंतीतच लढाई मांडतात. भिंती सुजतात. या आजाराला 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' म्हणतात. मराठीत 'अतिसंवेदनशील फुफ्फुसदाह' म्हणता येईल.

हा नेहमीचा दमा नव्हे. दम्यात ॲलर्जीची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत उमटते. इथे ती जमवाजमव व्हायला चार ते आठ तास लागतात. म्हणूनच मामांनी सकाळी ढाबळ झाडली आणि ताप आला संध्याकाळी. कारण आणि परिणाम यांच्यात अख्खी दुपार गेली, की त्यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येणार? सूज एक-दोन दिवसांत ओसरते आणि माणूस सारे विसरून जातो. पुढचा रविवार येतोच.

पुन्हा पुन्हा सूज येत राहिली, किंवा थोडी थोडी पूड रोजच आत जात राहिली, तर शरीर दुरुस्तीला लागते. हातावर भाजले तर जखम भरते, पण वण राहतो. वणाची कातडी जाड, घट्ट आणि न ताणणारी असते. फुफ्फुसातही तसेच घडते. कोलॅजेनचे चिवट तंतू वायुकोशांच्या भिंतीत साचतात. याला तंतुभवन म्हणतात. सूज उतरते, वण उतरत नाही. या संपूर्ण विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

जिन्यातच दम का लागतो?

आता पदार्थविज्ञानाच्या दोन गोष्टी पाहा. पहिली लवचीकपणाची. निरोगी फुफ्फुस नव्या फुग्यासारखे थोड्या दाबाने फुगते. वण पडलेले फुफ्फुस सायकलच्या ट्यूबसारखे कडक होते. तेवढीच हवा आत घ्यायला स्नायूंना अधिक दाब लावावा लागतो. म्हणून असा रुग्ण उथळ आणि भराभर श्वास घेतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आपण स्वस्थ बसलेले असताना रक्तातील तांबडी पेशी वायुकोशाजवळच्या केशवाहिनीतून सुमारे ०.७५ सेकंदात जाते. निरोगी माणसात तिला प्राणवायूने भरून जायला त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ०.२५ सेकंद पुरतो. बाकीचा वेळ शिल्लक! पडदा जाड झाला तर भरायला जास्त वेळ लागतो, पण शिल्लक वेळेमुळे बसल्या जागी काही कळत नाही. जिना चढू लागलो की हृदय रक्त वेगाने ढकलते आणि हाच वेळ ०.२५ सेकंदापर्यंत खाली येतो. निरोगी माणसाचे तेवढ्यातही भागते. वण पडलेल्या फुफ्फुसातून मात्र पेशी अर्धवट भरूनच पुढे जाते. मामा खुर्चीवर बसले की ठीक असत आणि जिन्यात थांबत, याचा उलगडा या दोन आकड्यांत आहे. डॉक्टरांनी त्यांना दालनात चालायला लावून बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातील प्राणवायू मोजला, तो याचसाठी.

श्वास घेताना अशा फुफ्फुसाच्या तळाशी बारीक चरचर ऐकू येते. बुटाची वेल्क्रोची पट्टी सावकाश उघडताना होतो तसा तो आवाज. पुढे सी. टी. स्कॅन, फुफ्फुसांच्या क्षमतेची मोजणी आणि रक्ताची तपासणी करून निदान पक्के करतात.

जुना प्रश्न, नव्याने विचारलेला

धंद्यातून येणाऱ्या आजारांचा विचार काही नवा नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली मोडेना येथे कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. धान्य चाळणाऱ्या लोकांना धुळीने होणाऱ्या त्रासाचे वर्णन त्यात आहे. वैद्याने रुग्णाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत रामाझ्झिनी यांनी एका प्रश्नाची भर घातली: "तुमचा धंदा काय?"

या एका प्रश्नाने पुढे बरीच कोडी सोडवली. १९३२ साली इंग्लंडमधील डॉ. कॅम्बेल यांनी कुबट गवत हाताळल्यावर आजारी पडणाऱ्या शेतकऱ्यांचे वर्णन केले. ओले गवत रचून ठेवले की ते आतून आपोआप तापते, आणि त्या उष्णतेत वाढणारे विशिष्ट जीवाणू या आजाराच्या मुळाशी असतात, हे जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवले. फ्रान्समध्ये बदकांची पिसे निवडणाऱ्या कामगारांचा असाच आजार १९६० साली नोंदला गेला. १९६५ साली अमेरिकेतील डॉ. रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरे पाळणाऱ्यांच्या फुफ्फुसरोगाचे वर्णन केले. पुढे प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारे, रेशमाच्या किड्यांवर काम करणारे, शिंपल्यांपासून बटणे घडवणारे अशा लोकांतही हा आजार आढळला. धंदे निरनिराळे, पण गोष्ट एकच: प्राण्याच्या अंगची बारीक धूळ आणि रोजचा श्वास.

मोजमाप काय सांगते? अमेरिकेत ज्यांच्या फुफ्फुसातील वणांचे कारण सापडले नव्हते अशा २४८ रुग्णांची ४९१ निरोगी लोकांशी तुलना केली गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षी वाढवण्याचे काम केलेल्यांत या आजाराची शक्यता सुमारे ४.७ पट दिसली, तर शेतीकाम केलेल्यांत १.६ पट. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली घेतला गेला. त्यात गुराढोरांशी संबंधित कामात हे प्रमाण साधारण दुप्पट आले. इथे एक सावधगिरी हवी. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. आणि विरळ आजाराची शक्यता चौपट झाली तरी तो विरळच राहतो.

तरीही 'कारण अज्ञात' या शिक्क्याखाली काय दडलेले असते, हे बार्सिलोना येथील डॉक्टरांनी २०१३ साली दाखवले. असा शिक्का बसलेल्या ४६ रुग्णांची त्यांनी पुन्हा कसून चौकशी केली. त्यांपैकी २० जणांना प्रत्यक्षात अतिसंवेदनशील फुफ्फुसदाह निघाला, आणि बहुतेकांच्या बाबतीत संशय गेला तो अंथरुणातील पिसांवर! पक्षी घरात नव्हता. तो उशीत होता.

आपल्या देशातही २०१२ ते २०१५ या काळात १९ शहरांतील २७ केंद्रांनी मिळून अशा प्रकारच्या १०८४ फुफ्फुसरुग्णांची नोंद ठेवली. त्यांत सुमारे ४७ टक्के रुग्ण अतिसंवेदनशील फुफ्फुसदाहाचे होते. पक्ष्यांचा संबंध काहींमध्ये होताच, पण त्याहून अधिक जणांच्या घरी एअर कूलर होता. कूलरच्या ओलाव्यात बुरशी वाढते आणि पंखा ती खोलीभर उडवतो. म्हणजे पुन्हा तीच कवडशातली धूळ, फक्त दुसऱ्या दारातून आलेली.

मग पक्षी हाकलायचे का?

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्या वादात दोन टोकाची वाक्ये सारखी ऐकू येत. एक, कबुतरांमुळे काहीच होत नाही. दुसरे, खिडकीत कबूतर बसले की फुफ्फुस गेलेच. दोन्ही खरी नाहीत. खिडकीवरून जाणाऱ्या पक्ष्याला भिण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो किती धूळ, किती दिवस आणि कुणाच्या फुफ्फुसात, याचा. ज्यांचे पोट या कामावर आहे, त्यांचा वाटा सर्वांत मोठा, आणि वादात त्यांचा आवाज सर्वांत लहान.

पोल्ट्रीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांचे उदाहरण घ्या. तिथल्या धुळीत पिसांचा चुरा, विष्ठा, खाद्याचे पीठ आणि जमिनीवर अंथरलेल्या तुसाचा भुगा असतो, शिवाय अमोनिया. तिथल्या कामगारांत खोकला आणि दमा जास्त, वण पडणारा आजार त्या मानाने कमी. पण सारेच 'धुळीने होतं' म्हणून सोडून दिले जाते.

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांत तुमचेच पदार्थविज्ञान आहे. झाडण्याआधी पाणी शिंपडावे. ओले कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि स्टोक्सच्या नियमाप्रमाणे चटकन खाली बसतात. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कामाचे कपडे निराळे ठेवावेत, घरात आणू नयेत. तोंडावरचा रुमाल १ मायक्रॉनच्या कणापुढे फारसा कामाचा नाही. त्याच्या धाग्यांमधली भोके त्या कणाला वेशीसारखी मोकळी असतात. एन-९५ जातीचा मास्क मात्र उपयोगी पडतो. मोठे कण जडत्वामुळे त्याच्या तंतूंवर आपटतात, अगदी लहान कण ब्राउनियन गतीने इकडेतिकडे धडपडत त्यांना चिकटतात. या दोन्हींच्या मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे कण पकडायला सर्वांत कठीण. म्हणून त्यांच्यावरच मास्कची परीक्षा घेतात आणि त्यांतले निदान ९५ टक्के अडले पाहिजेत अशी अट असते. मात्र मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. कडेने फट राहिली तर हवा तिथूनच वाट काढते.

एकदा आजार जडला, की मास्कवर विसंबून भागत नाही. धुळीचा उगमच दूर करावा लागतो. पक्षी गेले तरी त्यांची प्रथिने घरात रेंगाळतात. काही घरांत ती दीड वर्षापर्यंत आढळली आहेत. सूज उतरवायला स्टिरॉइड देतात. वण वाढण्याचा वेग मंदावणारी औषधेही आता मिळतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत निंटेडॅनिब या औषधाने फुफ्फुसांची घसरण धिमी होते असे दिसले. पण पडलेला वण पुसणारे औषध अजून सापडलेले नाही.

मामांनी ढाबळ मोडली. कबुतरे एका परिचिताला दिली, तीही त्याला सगळे समजावून सांगून. रविवारचा ताप त्याच महिन्यात थांबला. सुजेचा भाग ओसरला, वणांचा राहिला. आता ते तळमजल्यावर ग्रंथालयात काम करतात. मध्यंतरी भेटले तेव्हा म्हणाले, "सर, तीन वर्षं आधी कुणी इचारलं असतं तर मी तवाच मोडली असती की."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही. म्हणून हा लेख तुमच्यासाठी लिहिला. येत्या सुट्टीत एक काम करा. आपल्या घरातल्या आणि शेजारच्या दहा जणांना विचारा: तुमचा धंदा काय? कामावर कोणती धूळ असते? सुट्टीत गावी गेलात की बरे वाटते का? उत्तरे वहीत लिहा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. कुणाचा खोकला कामाच्या दिवसांबरोबर येतो-जातो असे आढळले, तर ती वही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. निदान करणे हे डॉक्टरांचे काम. पण प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.